फवारणीनंतरचा थकवा अंगावर काढू नका

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाठीवर पंप घेऊन रोजानं फवारणी करणाऱ्या मजूर भावांनो, त्यांच्यासाठी पाणी वाहणाऱ्या आणि औषध कालवून देणाऱ्या आयाबहिणींनो,

पेरण्या आटोपल्या आहेत. पऱ्हाटी गुडघ्याला लागेल तशा फवारण्या सुरू होतील आणि दिवाळीपर्यंत चालू राहतील. त्याआधी हे आवाहन तुमच्यापर्यंत पोचावं, म्हणून घाईनं लिहीत आहे. मागणं साधं आहे. फवारणीनंतर येणारा थकवा अंगावर काढू नका. तो घरात सांगा, वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा. आणि हंगामातला पहिला पंप भरण्याआधी रक्ताची एक तपासणी करून घ्या. ती कोणती आणि कशासाठी, हे पुढे येईलच.

कापसाच्या पट्ट्यात हंगामभर तेच तेच बोलणं कानावर पडतं. अंगात जीव नाही, हातपाय गळाले, डोकं जड झालंय, सकाळी उठवत नाही. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. शेजारी म्हणतो, उपाशीपोटी खर्रा खाल्ला असेल. एक सलाईन लागते, थोडी तरतरी येते आणि माणूस पुन्हा पंप पाठीवर घेतो, कारण घरात पैसा हवा असतो आणि कीड कुणासाठी थांबत नाही. उन्हानं, उपासानं, कष्टानं थकवा येतो हे खरंच आहे. पण या थकव्यात विषाचा वाटा किती, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारत नाही म्हणून तपासत नाही, आणि तपासत नाही म्हणून कुठल्याच कागदावर त्याची नोंद होत नाही.

2017 मध्ये काय घडलं

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 800 हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. शेजारच्या जिल्ह्यांतही माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे वर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर आणि छातीवर उतरत होता. किडीचा जोर होता, हवा दमट आणि गरम होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती, आणि बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप हाती आले होते. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी घालण्यात आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, अॅसिफेट होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन यांचं मिश्रणही होतं.

गेलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि तो यायलाच हवा होता. पण दवाखान्यातून घरी परतलेल्या शेकडो माणसांचं पुढे काय झालं? पुढच्या हंगामात ती आधीसारखी राबू शकली का? त्यांची नजर, त्यांची झोप, त्यांची स्मरणशक्ती पूर्वीसारखी झाली का? दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणजे माणूस बरा झाला, असं आपण धरून चालतो. विज्ञान तसं मानत नाही.

विष अंगात गेल्यावर काय करतं

कापसावर, सोयाबीनवर, तुरीवर मारल्या जाणाऱ्या औषधांत एक मोठं कूळ ऑरगॅनोफॉस्फेटचं आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, अॅसिफेट ही सगळी त्याच कुळातली. 1936 साली गेऱ्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ नवी कीटकनाशकं शोधत असताना याच कुळातलं ताबून नावाचं रसायन त्याच्या हाती लागलं. पुढे त्याचं युद्धात वापरायचं विषारी अस्त्र झालं. किडीच्या मज्जातंतूंवर हे कूळ जसं काम करतं, तसंच माणसाच्या मज्जातंतूंवरही करतं. फरक फक्त मात्रेचा असतो.

आपला हात हलतो, डोळा मिटतो, श्वास चालतो तो मज्जातंतूंकडून स्नायूंना निरोप जातो म्हणून. हा निरोप अॅसिटिलकोलिन नावाचं द्रव्य पोचवतं. निरोप पोचला की ते द्रव्य लगेच मोडून टाकायचं काम कोलिनएस्टरेज नावाचं विकर करतं. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं या विकराला पकडून निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, दिसायला अंधुक होतं, स्नायू फडफडतात, छाती भरून येते. विष फार गेलं तर श्वास घेणारे स्नायूच दमतात आणि माणूस जातो.

ही झाली मोठ्या मात्रेची गोष्ट. थोड्या थोड्या मात्रेचं गणित वेगळं आहे आणि ते प्रत्येक फवारणी करणाऱ्याला ठाऊक असायला हवं. लाल रक्तपेशींमधलं कोलिनएस्टरेज एकदा कायमचं निकामी झालं की नव्या रक्तपेशी तयार होतील तसतसं ते भरून येतं. रोज साधारण एक टक्का या वेगानं. म्हणजे पूर्ण भरायला तीन-चार महिने लागतात. विहिरीचा पाझर मंद आणि उपसा जोरात असावा, तशी ही स्थिती आहे. आज फवारलं, चार दिवसांनी दुसऱ्याच्या शेतात फवारलं, आठवड्यानं पुन्हा आपल्या शेतात. प्रत्येक वेळी उपसा होतो आणि भरून यायला वेळच मिळत नाही. पहिल्या फवारणीला काही झालं नाही, दुसरीलाही नाही, आणि पाचव्या फवारणीला त्याच औषधाच्या त्याच मात्रेनं माणूस कोसळतो. ‘इतकी वर्षं मारतोय, मला कधी काही झालं नाही’ हा भरवसा म्हणूनच घातक आहे.

विष नाकातोंडातूनच जातं, हा समज खोटा आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. आणि शरीराची सगळी कातडी सारखी नसते. अमेरिकेत 1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅराथिऑन हे याच कुळातलं विष शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून पाहिलं गेलं. हातावरच्या कातडीतून जेवढं शोषलं गेलं, त्याच्या सुमारे 12 पट वृषणाच्या कातडीतून शोषलं गेलं. आता गळका पंप आठवा. झाकणातून पाझरणारं औषध पाठीवरून कमरेत उतरतं आणि चड्डी दिवसभर त्यात भिजून राहते. तोंडाला रुमाल बांधलेला असतो आणि विष दुसऱ्याच वाटेनं आत जात असतं. लाज न बाळगता हे घराघरांत बोललं गेलं पाहिजे.

थकवा आणि विष यांचा संबंध कितपत सिद्ध झाला आहे

इथे मला प्रामाणिकपणे बोलायचं आहे, कारण वाढवून सांगितलेल्या भीतीनं कुणाचं भलं होत नाही.

मोठी विषबाधा होऊन वाचलेल्या माणसांवर तिचा परिणाम दीर्घकाळ राहतो, याला चांगला आधार आहे. निकाराग्वात ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या 36 पुरुषांची सुमारे दोन वर्षांनी चाचणी घेतली गेली. लक्ष, स्मरण, हाताची चपळाई यांत ते विषबाधा न झालेल्या पुरुषांपेक्षा मागे पडले. हा अभ्यास 1991 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. यवतमाळच्या 800 जणांकडे पाहताना हे निष्कर्ष डोळ्यांसमोर ठेवायला हवेत.

मोठी विषबाधा कधीच झाली नाही, पण वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगावर आलं, अशा माणसांच्या बाबतीत वाद आहे. ब्रिटनमध्ये मेंढ्यांची खरूज घालवण्यासाठी 1976 ते 1992 या काळात मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुडवून काढण्याची सक्ती होती. त्यासाठी ऑरगॅनोफॉस्फेटच वापरलं जाई. हजारो मेंढपाळ कोपरापर्यंत हात घालून हे काम करत. त्यांच्यातले कितीतरी जण पुढे न हटणारा थकवा, स्नायूंचं दुखणं, विसराळूपणा, उदासी यांची तक्रार करू लागले. सुरुवातीला त्यांना फ्लू झाल्याचं सांगितलं गेलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधाचा दुष्परिणाम झाल्याची तक्रार नोंदवलेल्या अशा लोकांमध्ये थकव्याची लक्षणं आणि औषधाशी आलेला संपर्क यांचा संबंध दिसला. पण सगळे अभ्यास एका बाजूचे नाहीत. ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञ समितीनं 2014 साली सगळा पुरावा पुन्हा चाळला. कमी मात्रेच्या संपर्कानं मज्जासंस्थेवर मोठे, कायमचे परिणाम होतात असं एकूण पुरावा दाखवत नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

1991 च्या आखाती युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची गोष्टही लक्षात घ्यावी. सुमारे सात लाख सैनिकांपैकी साधारण चौथा हिस्सा थकवा, अंगदुखी, झोप न लागणं, गोष्टी न सुचणं अशा तक्रारी घेऊन परतला. बरीच वर्षं त्याला मनाचा खेळ म्हटलं गेलं. 2008 साली तिथल्या सरकारनंच नेमलेल्या संशोधन सल्लागार समितीनं युद्धभूमीवर वापरलेली कीटकनाशकं आणि विषवायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या यांच्याकडे बोट दाखवलं. त्या गोळ्याही कोलिनएस्टरेजवरच काम करतात.

डॉक्टर ज्याला दीर्घकालीन थकव्याचा आजार म्हणतात, तो साध्या दमण्यापेक्षा वेगळा आहे. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेनं 2015 साली त्याची खूण अशी ठरवली: सहा महिन्यांहून जास्त टिकणारा आणि नेहमीची कामं थांबवणारा थकवा, झोपूनही न येणारी तरतरी, थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळवणारा गळाठा, आणि त्यासोबत डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं. या आजाराचं एकच एक कारण सापडलेलं नाही. कित्येकांना तो विषाणूच्या संसर्गानंतर जडतो. रसायनांचा त्यात किती हात असेल, यावर काम चालू आहे.

मग अर्धवट पुराव्यावर आरडाओरड कशाला, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर असं आहे. ऑरगॅनोफॉस्फेटच्या फवारणीनंतर कोलिनएस्टरेज घसरतं, यात शंका नाही. ते फार घसरल्यावर अशक्तपणा येतो, यातही नाही. ते मोजता येतं. वेळेवर थांबलं तर ते भरून येतं. एवढं ठरलेलं असताना शास्त्रज्ञांचा उरलेला वाद मिटेपर्यंत माणसांनी भिजलेल्या कपड्यांत पंप मारत राहावं, हे कुठल्याही न्यायाला धरून नाही.

ज्याची मोजणी होते त्याचीच दखल घेतली जाते

कीटकनाशक तयार करणाऱ्या कारखान्यात ऑरगॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्या कामगाराचं कोलिनएस्टरेज महिन्यातून किमान एकदा मोजावं, असं आपल्याच देशाचे 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात. तेच औषध बाटलीत भरून गावात येतं, बादलीत कालवलं जातं, माणसाच्या पाठीवर चढतं, तेव्हा ही मासिक तपासणी त्याच्यासोबत येत नाही. कारखान्यातल्या माणसाची कातडी आणि शेतातल्या माणसाची कातडी एकच आहे.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात 1974 पासून फवारणी कामगारांच्या तपासणीची पद्धत आहे. हंगामाआधी प्रत्येकाचं रक्त तपासून त्याची स्वतःची मूळ पातळी ठरवतात, कारण ती माणसागणिक वेगळी असते. हंगामात ती मूळ पातळीच्या 80 टक्क्यांखाली आली, तर काम कसं चाललंय ते मालकानं तपासायचं. लाल पेशींमधली पातळी 70 टक्के किंवा त्याखाली गेली, तर माणसाला त्या औषधापासून दूर करायचं आणि 80 टक्क्यांपर्यंत चढल्याशिवाय परत घ्यायचं नाही. यात कुठलंही अवघड तंत्रज्ञान नाही. रक्ताचा नमुना, एक वही आणि थांब म्हणायचा अधिकार, इतकंच पुरतं.

आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेनं मृत्यू आला, तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. हात, पाय, डोळा गेला तरी मदत आहे. ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरती आहे. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारा भूमिहीन मजूर तिच्या बाहेरच राहतो. आणि जो मरत नाही, हातपाय गमावत नाही, पण ज्याची राबायची ताकद गेली, त्याच्यासाठी त्या अर्जात रकानाच नाही. मजुराकडे विकायला ताकदीशिवाय दुसरं काय असतं?

म्हणून आता ज्याच्या त्याच्या वाटणीचं काम स्पष्ट सांगतो.

फवारणी करणाऱ्या भावांनो

जूनमध्ये तपासणी राहून गेली असेल, तर पहिल्या फवारणीआधी करून घ्या. प्रयोगशाळेत कोलिनएस्टरेज म्हणून मागा. आलेला कागद जपून ठेवा. हंगामाच्या मध्यावर किंवा त्रास झाला तर पुन्हा तपासा आणि दोन्ही कागद डॉक्टरांसमोर ठेवा. एका आकड्यावरून फारसं कळत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे असले की कळतं.

शाळेची एक वही घ्या. फवारलेली तारीख, औषधाचं नाव, किती पंप मारले, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या. रिकामी बाटली फेकण्याआधी तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. ही वही उद्या डॉक्टरांना उपयोगी पडेल आणि परवा नुकसानभरपाई मागताना तुमच्या बाजूनं बोलेल.

गळका पंप पाठीवर घेऊ नका. पाठीमागून कमरेपर्यंत प्लास्टिकचा कागद बांधा. रबरी हातमोजे, लांब बाह्या, पूर्ण पायजमा, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर मास्क वापरा. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून आणि भर दुपारी फवारू नका. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नका. हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, भाकर तोंडात घालू नका. चिठ्ठीवर सांगितलेलं नसताना दोन औषधं एकत्र करू नका. औषध अंगावर सांडलं तर बांधावरच कपडे उतरवा आणि साबणानं अंग धुवा. घरी जाईपर्यंत थांबू नका. एकाच माणसानं हंगामभर फवारायचं, ही पद्धत बंद करा.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहायला शिका. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. 2023 साली केंद्र सरकारनं मोनोक्रोटोफॉस 36 एसएलची नोंदणी रद्द केली आणि साठा संपवायला एक वर्षाची मुदत दिली. कुणी ते अजूनही काउंटरखालून देत असेल, तर घेऊ नका आणि कृषी अधिकाऱ्याला कळवा.

बाहुल्या बारीक होणं, लाळ, दरदरून घाम, उलट्या, स्नायू फडफडणं, श्वास जड होणं यांपैकी काहीही दिसलं, तर 108 ला फोन करा. औषधाची बाटली सोबत न्या. मुद्दाम उलटी करवू नका, दूध-तेल पाजत बसू नका. दवाखान्यातून बरं वाटून घरी आल्यावरही चार दिवस माणसाला एकटं सोडू नका. मान उचलता न येणं, गिळायला त्रास होणं, श्वास अपुरा पडणं हा धोका विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत उद्भवू शकतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्येच तो नोंदवून ठेवला आहे. दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊन ताकद कमी झाली, तरी पुन्हा डॉक्टरांकडे जा. पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आयाबहिणींनो

फवारणी पुरुष करतात म्हणून विष त्यांच्यापुरतंच राहतं, असं नाही. तुम्ही पाणी आणता, औषध कालवता, ओल्या शेतात निंदायला जाता, भिजलेले कपडे धुता. ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नका आणि धुताना हातमोजे घाला. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई औषधाजवळ जाणार नाही, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावं. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य काहीही ठेवू नका. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन 23 लेकरं गेली. ज्या तेलात ते शिजलं होतं, त्यात मोनोक्रोटोफॉस सापडलं. आणि तुम्हाला स्वतःला थकवा येत असेल तर बाईमाणसाला असायचंच म्हणून तो बाजूला सारू नका.

जमीनमालक आणि कृषी सेवा केंद्र चालकांनो

ज्याच्या शेतात फवारणी, त्यानं हातमोजे, मास्क, साबण आणि पाणी द्यायचं. हा मजुरीचाच भाग माना. चक्कर आली म्हणणाऱ्या मजुराला ‘एवढे दोन पंप संपव’ म्हणू नका. त्या दिवसाचा रोज कापू नका. कापला तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि न सांगणारा माणूसच मरतो.

दुकानदार मित्रांनो, शेतकरी कृषी अधिकाऱ्याआधी तुमचा सल्ला ऐकतो, ही मोठी जबाबदारी आहे. चिठ्ठीवर नसलेलं मिश्रण सुचवू नका. प्रत्येक बाटलीसोबत पक्कं बिल द्या. ज्याच्या घरात नुकताच त्रास झाला असेल, त्याला बाटली देण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.

डॉक्टरांनो आणि आशाताईंनो

हंगामात थकव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: गेल्या पंधरा दिवसांत फवारलं का? उत्तर केसपेपरवर लिहा. रक्तक्षय, क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता, विदर्भात सिकलसेल आणि मनाची उदासी ही थकव्याची नेहमीची कारणं आहेत. ती आधी तपासायलाच हवीत, नाहीतर फवारणीच्या नावाखाली बरा होणारा आजार निसटेल. पण ही सगळी निकाली निघाल्यावरही थकवा उरत असेल, तर रुग्णाला आळशी ठरवू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं 2021 साली दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांना ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवायला लावण्याचा जुना सल्ला मागे घेतला, हेही ध्यानात ठेवा.

आशाताई, तुम्ही घराघरांत जाता. ताप आणि लसीसोबत फवारणीचीही चौकशी करा. कागदावर न येणारा आजार पहिल्यांदा तुमच्याच कानावर पडतो.

ग्रामसभांना आणि शासनाला

येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. एक, हंगामाआधी आणि हंगामाच्या मध्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी करणाऱ्यांची कोलिनएस्टरेज तपासणी मोफत व्हावी. दोन, 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम 26 नुसार विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचं बंधन घालायचा अधिकार राज्य सरकारला आहे. तो वापरून सौम्य विषबाधेचीही सक्तीनं नोंद व्हावी. तीन, अपघात अनुदान योजनेत भूमिहीन मजूर यावेत आणि विषबाधेनंतर काम करायची ताकद गमावलेल्यांचाही विचार व्हावा.

शासनाकडे आणखी एक मागणी आहे. 2017 मध्ये यवतमाळला दाखल झालेल्या रुग्णांची नावं रुग्णालयाच्या नोंदीत आहेत. त्यांना शोधून पुन्हा तपासा. ती माणसं आज कशी आहेत, हे कळलं तर फवारणी आणि थकवा यांच्या संबंधावर महाराष्ट्राच्या मातीतला पुरावा हाती येईल. परदेशातल्या मेंढपाळांच्या आणि सैनिकांच्या आकड्यांवर आपल्याला अवलंबून राहावं लागणार नाही.

शहरातल्या वाचकांनो

हा प्रश्न फक्त शेतापुरता नाही. तुमच्या इमारतीत पेस्ट कंट्रोल करायला येणारा तरुण दिवसाला कितीतरी बंद घरांत फवारतो. भिंती रंगवणारा कारागीर थिनर आणि टर्पेंटाइनच्या वासात महिनोन्महिने काम करतो. डेन्मार्क, स्वीडनसारख्या देशांत रंगकाम करणाऱ्यांमध्ये थकवा, विसराळूपणा आणि चिडचिड एकत्र दिसू लागली. 1985 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत द्रावकांमुळे होणाऱ्या या मेंदूविकाराच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. तुमच्या घरी असं काम चालू असेल तेव्हा खिडक्या उघडा, मास्क वापरायला सांगा, मध्ये विश्रांती द्या. स्वतःच्या घरात झुरळांचा फवारा आणि डासांची कॉइल बंद खोलीत रात्रभर वापरू नका. आणि एखादी फवारणी खरंच गरजेची आहे का, हे आधी विचारा.

आपल्या ताटातली तूरडाळ आणि अंगावरचा सुती कपडा कुणाच्या तरी पाठीवरच्या पंपातून आपल्यापर्यंत पोचतो. त्या माणसाचं रक्त तपासलं जावं, अशी मागणी करणारं एक पत्र आपल्या आमदाराला लिहिणं, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

हंगाम दारात आहे. हे आवाहन वाचून झालं असेल तर ते पाराखाली, दुकानात, बचत गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. घरातला माणूस फवारून आला की त्याला आधी अंघोळ घाला, मग विचारा, कसं वाटतंय? तो थकलोय म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर पंप देऊ नका. त्याला तपासणीला घेऊन जा.